मागं बसलं की हलतं

मायनं पहिल्यांदा सांगितलं ते पौर्णिमेला, विहारातून परत येताना. मी छावणीतून गाडी आणत होतो. गाडी म्हणजे शोरूममध्ये सगळ्यात स्वस्त जी होती ती. माय नेहमीसारखी दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पांढऱ्या साडीचा घोळ मांडीखाली दाबून मागं बसली होती.

"आरं, मागं हलतंय."

"काय हलतंय?"

"मागचं."

मी म्हणालो, रस्ताच तसा आहे. त्यावर ती गप्प बसली. माय गप्प बसली म्हणजे तिला पटलं असं कधीच नसतं, पण चाळिशी ओलांडली तरी मी दर वेळी फसतो.

घरी उतरल्यावर तिनं तेच सांगितलं, आणि पुढच्या वेळी बसल्यावर पुन्हा तेच. मला काही कळेना. मी रोज त्याच गाडीवर वाळूजला कामावर जातो. येता-जाता कधी काही हललं नाही. तरी डोकं शांत राहावं म्हणून गाडी छावणीच्या बाजारातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं चेन आवळली, हवा बघितली, एकट्यानं एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "एकदम मक्खन है, साब." संध्याकाळी मायला बसवलं. मक्खन हलत होतं.

मग मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं. मायच्या म्हणण्यानुसार फरक शून्य. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्रीनं चिमट्याच्या नटाला पाना लावला. चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी ती दोन पायांची लोखंडी कमान. एका लांब बोल्टवर ती गाडीच्या सांगाड्याला टांगलेली असते. नट जागचा हलला नाही. "टाईट है," तो म्हणाला. चिमटा धरून आडवा हलवून बघावा, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्या तर येण्याचा प्रश्नच नव्हता. मग हात पुसत तो हळूच म्हणाला, "अम्मा कू डर लगता होगा, साब. उमर हो गई ना."

मला त्याचा असा राग आला की काय सांगू. राग यायचं कारण एवढंच की दोन दिवस तेच माझ्याही मनात घोळत होतं.

ते डोक्यात घातलं होतं माझ्या बहिणीनं. ती सिल्लोडला असते. फोनवर मी हसत हसत मायची तक्रार सांगितली, तर ती हसलीच नाही. "दादा, मामाचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. मामा लासूर स्टेशनला राहायचा. आधी म्हणायचा, बाज सरकते. सगळ्यांनी चेष्टेवारी नेलं. मग एके दिवशी त्याला स्वतःची गल्ली सापडेना, आणि पुढं आम्ही कोण ते कळेना. बहीण म्हणाली, "मायला डॉक्टरकडं ने. गाडी काय बघत बसलास?" मी फोन ठेवला आणि मायला माझं जेवण तसंच झाकून ठेवायला सांगितलं.

त्या दिवसापासून मी मायवर पाळत ठेवायला लागलो. भाजीत मीठ दोनदा पडतंय का, शेजारणीचं नाव नीट घेते का, चष्मा कुठं ठेवला ते आठवतं का. सगळं ठणठणीत. उलट माझाच चष्मा तिनं शोधून दिला आणि विचारलं, "असा का बघतोस माझ्याकडं? मी काय पाहुणी हाय का?" गाडी ठीक, माय ठीक, मग हलतंय ते काय? विचार करून माझं डोकं बधिर व्हायचं. खरं सांगतो, मी मनोमन म्हणायचो की गाडीतच काहीतरी मोठं बिघडलेलं निघू दे.

आणि मग माय अडून बसली. "मी नाय बसणार आता तुझ्या गाडीवर. मला पडून मरायचं नाय." मी आवाज चढवला, सगळे म्हणतात गाडीला काही झालेलं नाही. तर म्हणाली, "सगळे पुढं बसत्यात. माझा जन्म तुझ्या बापाच्या सायकलीमागं गेलाय. मागं बसणाऱ्याला काय कळतं ते पुढच्याला नाय कळत. तू बस की येकदा माझ्या जागंवर."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हणालो, तू चालव, मी मागं बसतो. मी दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलो तेव्हा तो चमकला. "सीधे बैठो ना, साब. लोगां हसिंगे." लोक हसलेच. एका भाजीवालीनं तर पदर तोंडाला लावला. मी एका हातानं सीटची कड धरून, इभ्रत गुंडाळून ठेवून बसलो होतो. पहिल्याच वळणावर गाडी कलली, आणि माझ्याखालून काहीतरी सरकलं. जरासंच. एक पाय आखूड असलेल्या बाजेवर बसावं, तसं. सरळ रस्त्यावर पुन्हा जागेवर आलं. पुढच्या वळणावर पुन्हा गेलं.

"हलतंय!" मी ओरडलो. मिस्त्रीनं घाबरून ब्रेक मारला. इतका आनंद मला ती गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

बोल्ट निघता निघेना. गंजून आत बसला होता. तेल सोडून, ठोकून ठोकून अखेर बाहेर आला, तर मधोमध झिजून खाच पडलेली, आणि तो ज्या बुशमध्ये, म्हणजे आतल्या नळीत, बसतो त्या बुशचा अर्धा भुगा. "ऊपर से टाईट, अंदर से खल्लास," मिस्त्री म्हणाला. नवा बोल्ट, नवे बुश, भरपूर ग्रीस असं सगळं घालून झाल्यावर त्यानं चिमटा आडवा हलवून दाखवला. ढिम्म होता. जुना बोल्ट कागदात गुंडाळून मी घरी आणला आणि मायपुढं ठेवला. तिनं त्या झिजलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"बघ. म्हणलं नव्हतं?"

मी लगेच सिल्लोडला फोन लावला. माय ठणठणीत आहे, बोल्ट झिजला होता, आता डॉक्टरचं नाव काढू नकोस. बहीण आधी हसली आणि मग रडायला लागली. माय पुन्हा गाडीवर बसू लागली. लासूरला एका लग्नालाही आम्ही गाडीवरच गेलो. ती वाटेत एकदाही काही म्हणाली नाही. गाडी धुताना मी चिमटा धरून हलवून बघायची सवय लावून घेतली. तो ढिम्म राहिला की बरं वाटायचं.

मग एका सकाळी माय चहा गाळत होती. मी पेपर वाचत होतो. भांडं खाली ठेवून तिनं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली.

"हलतंय रं."

"काय?"

"तेच. मागचं."

मी उठलो आणि मायजवळ जायच्या ऐवजी खाली पळालो. गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, चिमटा धरला, आडवा हलवला. ढिम्म. पुन्हा हलवला. माय वर स्वयंपाकघरात उभी, गाडी खाली अंगणात, आणि मी बोल्ट तपासतोय. हसावं की रडावं, मला कळेना. बोल्ट खरोखर झिजलेला होता. मी हातात धरून बघितला होता. मग हे काय होतं?

दहा वाजता मी मायला दवाखान्यात न्यायला निघालो. रिक्षा करू म्हणालो, तर तिनं ऐकलं नाही. गाडीवर बसली आणि दोन वळणं गेल्यावर म्हणाली, "इथं नाय हलत. किती बरं वाटतंय. दवाखाना कशाला? चल की जरा लांब." मला ते इतकं खरं वाटलं की मी दवाखाना मागं टाकून छावणीला एक चक्कर मारली. माय मागून कुणाचं घर कधी बांधलं ते सांगत होती, आणि सगळं बरोबर सांगत होती. कुणाचं ऐकावं, बहिणीचं, मायचं, की त्या नव्या बोल्टचं? चक्कर संपल्यावर मी पुन्हा दवाखान्यासमोर आलो आणि थांबलो.

माय उतरली. मीही उतरलो. स्टँड लावणार, एवढ्यात तिनं माझं मनगट गच्च धरलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"जमीन हलतीय रं. धर मला."

माझ्या एका हातात हँडल होतं आणि दुसऱ्या हाताला माय. मग मी हँडल सोडलं. गाडी धाडकन आडवी पडली, आरसा फुटला.

"आरं, गाडी पडली की!" माय म्हणाली.

"पडू दे," मी म्हणालो आणि तिला दोन्ही हातांनी धरलं.