बागेतली पाच यंत्रं

आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला मीच पहिला. तेव्हा हे लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. लिहिता येईल ते एका कामाविषयी, कारण तेवढं मला नीट येत होतं.

मोबाइल नुकते शेतापर्यंत पोचले होते आणि मी ओतूरला बी.एस्सी. करत होतो. आमच्याकडच्या द्राक्षबागायतदारांच्या गटानं पाच बागांत हवामानाची यंत्रं बसवली. एका खांबावर पाऊस मोजायचं नरसाळं आणि पानाएवढी एक पट्टी. पट्टी किती तास ओली राहिली ते पाहून यंत्र मोबाइलवर निरोप धाडायचं: डाऊनीचा धोका, फवारा. डाऊनी हा फुलोऱ्यातले घड बघता बघता जाळणारा रोग.

बसवणारे पुण्याला निघून गेले आणि यंत्रं सांभाळायला मला ठेवलं. कुठली बॅटरी कधी घातली, सिमचं रिचार्ज कधी संपतं, कुठली पट्टी चरे पडून बदलायला आली, सगळं माझ्या वहीत असायचं. नरसाळ्यात मुंग्या घर करायच्या. त्या काढायला मी दर रविवारी एसटीनं फिरायचो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका यंत्राचा निरोप आला: पान वीस तास ओलं, फवारा. बाकीच्या चार यंत्रांवर पहाटेच्या दहिवराचे दोनच तास होते. मी मिळाली ती एसटी धरली.

यंत्राला झेंडूचा हार होता आणि पट्टीवर हळदकुंकवाचा ओला थर.

"पूजा कुणी केली?"

"मी," बागवाल्या काकू म्हणाल्या. "टॅक्टरची केली, पंपाची केली. ह्यालाच वगळायचं व्हय?"

"अहो, पण लई भिजवलंत."

"धुतल्याबिगर पूजा करत्यात का? कालेजात शिकवलं न्हाई वाटतं!"

काका हसले. पण औषध त्यांनी आणून ठेवलं होतं. "आता तूच सांग भाऊ. मारू का नको?"

बाग ऐन फुलोऱ्यात होती. उगाच फवारलं तर फुलं गळतात, आणि धोका खरा असताना नाही फवारलं तर घडच जातात. त्या पट्टीचे वीस तास मी मनातून पुसून टाकले. सगळ्यांत जवळच्या, ओढ्यापलीकडच्या यंत्राचे आकडे मोबाइलवर पुन्हा पाहिले. बागेत चार ओळी फिरून पानं हातानं चाचपली. सगळी कोरडी होती.

"नका मारू," मी म्हणालो.

"तुझ्या शब्दावर बाग सोडतोय बरं."

पट्टी स्वच्छ पाण्यानं धुतली, वाळून आकडा शून्यावर येईपर्यंत तिथंच बसलो. पुढच्या वेळी कुंकू खांबाला लावा, असं काकूंना सांगितलं. वहीत तशी नोंद केली आणि उरलेल्या चार घरी जाऊन तेच सांगून आलो.

डाऊनी आलीच, तर आठवड्याभरात पानाखाली पांढरी बुरशी दिसते. आठ दिवस फोन आला नाही. मीही केला नाही. हिशेब बरोबर आहे असं स्वतःला बजावत प्रॅक्टिकल करत राहिलो.

नवव्या दिवशी ओतूरच्या स्टँडवर काकूंचा फोन आला. "आत्ताच सगळ्या ओळी बघून आले तुझे काका. पान न् पान उलटं केलं. एक ठिपका न्हाई, आन् घड मस्त धरल्यात."