इराच्या हृदयातलं भोक

मला वाटलं होतं, परदेशातून डॉक्टर होऊन इंदूरला परतले की कामाला जुंपून घेईन, अख्खं शहर निरोगी करीन. प्रत्यक्षात मिळाली एक परीक्षा, आणि ती पास होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. मग काय, घरात जे सापडेल ते तपासायचं!

गुरुवारी दुपारी मी बालहृदयरोग घोकत होते. सात वर्षांची भाची इरा सोफ्यावर आडवी पडली होती. सहज स्टेथोस्कोप लावला, आणि काय सांगू, ठोक्याबरोबर एक बारीक गुणगुण! छातीच्या डाव्या बाजूला, खाली. पुस्तकात तिथेच लिहिलंय: हृदयाच्या पडद्यात भोक. मी शोधून काढलं! खरं सांगते, भीती नंतर वाटली, आधी आनंदच झाला.

ताईला गंभीर आवाजात सांगितलं. ती रडत रडत सगळ्यांना फोन लावायला लागली. तासाभरात जीजाजी ऑफिसातून आले, पोलोग्राउंडला राहणारी आत्या सफरचंदं घेऊन आली. वरच्या मजल्यावरचे काका जीजाजींना इंदुरी हिंदीत म्हणाले, "टेंशन नी लेने का, आजकल सब ठीक हो जाता है भिया," आणि ते ऐकून ताई आणखी रडली.

इराने एवढंच विचारलं, "मावशी, मग शनिवारची रेस?"

"रेस कॅन्सल," मी म्हटलं. महिनाभर रोज सकाळी बापाला उठवून ती धावत होती. ती बूट कपाटात ठेवून आली.

शुक्रवारी कृष्णपुऱ्याजवळच्या म्हाताऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मी सगळं निदान इंग्रजीत ऐकवलं. त्यांनी इराची नाडी पाहिली, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, झोपवून ऐकलं, मग उभं करून ऐकलं. स्टेथोस्कोप माझ्या कानात दिला.

गुणगुण गायब!

"उभं केलं होतं का हिला?"

"नाही सर."

"निरोगी पोरांच्या हृदयात असा मऊ आवाज पुष्कळदा असतो. उभं केलं की विरतो. तुम्ही निरोगी हृदयं किती ऐकलीत?"

मी भोकंच घोकली होती ना!

"धावू दे तिला," ते ताईला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरा पहिली आली, चांगली चार पावलं पुढे! सगळ्यात मोठ्याने मी ओरडत होते. मैदानातूनच डॉक्टरांना फोन लावला: परीक्षेपर्यंत रोज तुमच्या दवाखान्यात येते, फक्त धडधाकट पोरांची हृदयं ऐकायला.

"या की," ते म्हणाले, "पण पोरांच्या घरच्यांशी मीच बोलणार."

मी अटीसकट हो म्हटलं.