बंद लॅबमधली खटखट

शनिवार पेठेतल्या त्या शाळेत उल्काबाईंनी वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला तो एका नियमावर: लॅबमध्ये येताना बूट बाहेर. कुणी विसरलंच तर म्हणायच्या, "मशीनला तुमच्यासारखी आंघोळीची सोय नाही."

यंदा जूनपासून मुलं आपापले टॅब घरून आणू लागली. लॅबची वीज तोडली, दार नुसतं लोटून ठेवलं. बाई आता वर्गातच शिकवत, आणि टॅबवर वड्याचे तेलकट डाग पाहून मनातल्या मनात जळत.

मग मधल्या सुट्टीत त्या बंद लॅबमधून कीबोर्डची खटखट येऊ लागली. आधी वाटलं, आपलेच कान वाजताहेत. पण आवाज रोज येई आणि बाई जिन्यातूनच मागे फिरत. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. अंगावर काटा यायचा तो येतच होता.

शुक्रवारी मात्र त्या स्वतःवरच चिडल्या. तरातरा गेल्या आणि दार ढकललं.

सातवीतली दीपमाला मॉनिटरच्या काळ्या पडद्यासमोर बसून टाइप करत होती. टॅब दुरुस्तीला दिलाय, असं ती जूनपासून सांगायची, बाईही रोज म्हणायच्या, "मग बघ शेजारणीच्या टॅबमध्ये."

"अगं, इथे वीज नाही," बाई कशाबशा म्हणाल्या.

"माहितेय बाई. बोटं विसरू नयेत म्हणून..." ती घाबरून उभी राहिली. "पण बूट बाहेरच काढलेत."

दाराबाहेर ते एकमेकांना चिकटून ठेवलेले होते. उल्काबाईंच्या चपला पायांतच होत्या.