ठिपकेबाई

वेधशाळेत तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. तिथे सूर्याचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेत. त्या प्लेटा उजेडाच्या टेबलावर ठेवून, भिंगाला डोळा लावून डाग मोजायचे, हे तिचं काम. साहेबांना मोठे काळे डाग हवे असत. तिचा जीव मात्र खसखशीएवढ्या उजळ ठिपक्यांत अडकला. दर काही वर्षांनी डाग जवळजवळ नाहीसे होत, सूर्य शांत झाला असं सगळे म्हणत. ठिपके मात्र होते तेवढेच.

तिने साहेबांना सांगितलं. "धूळ असेल हो बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्लेटा त्यांच्यापुढे ठेवल्या. "धूळ दोन्ही काचांवर नेमकी त्याच जागी कशी बसेल, साहेब?"

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या मोजणीच्या वह्या ठेवून जा."

दीड वर्षाने शोधनिबंध छापून आला. प्रत्येक ठिपका म्हणजे चुंबकत्वाची एक बारीक गाठ, आणि शांत सूर्यावरही अशा गाठी सतत बनत-मोडत असतात, असं त्यात होतं. आकडे तिचे, नाव साहेबांचं. तिने घरी दादाला दाखवला.

"नोकरी टिकलीय ना? मग तोंड मिटून बस," दादा म्हणाला.

ती मोजत राहिली.

पुढे नवे कॅमेरे आले. प्लेटांची खोली रिकामी करायचा हुकूम निघाला. नव्या साहेबांनी तिलाच बोलावलं. "गरम पाण्यात भिजवा, वरचा थर खरवडून काढा. काचा खिडक्यांना लागतील."

"सगळ्या?"

"सगळ्या."

निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि पेन्शनचे कागद त्यांच्याच सहीसाठी थांबले होते. तिने बाह्या वर केल्या. रोज दोनशे प्लेटा. काळपट साय पाण्यावर तरंगायची आणि मोरीत जायची. बोटांची सालं निघाली. "हातमोजे तरी मागून घ्या," वहिनी म्हणाली. तिने मागितले नाहीत. पहिला आठवडाभर ती तारीख वाचून प्लेट पाण्यात सोडायची. मग वाचणं बंद केलं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी वेधशाळेने तिथे आलेलं एक पत्र तिच्याकडे धाडलं. दूरच्या विद्यापीठातल्या एका संशोधिकेला ते ठिपके पुन्हा मोजायचे होते. इतक्या वर्षांच्या सलग प्लेटा दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

"उत्तरात काय लिहिलंत?" वहिनीने विचारलं.

"त्या मी धुतल्या."

"अहो, साहेबांनी सांगितलं म्हणून, असं लिहा ना."

तिने ते लिहिलं नाही. पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकलं.