चिमटीत धरलेली फांदी

देवरावभाऊ गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला रडू आलं नाही. नुसता थकवा आला. खाटेवर बसून राहिलो... तीन वर्षं त्यांच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची होती. ती आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहूनच गेली.

भाऊ आमचे शेजारी, निवृत्त कारकून, आणि किड्यांच्या फोटोंचे वेडे. महागडी मॅक्रो लेन्स त्यांनी कधी घेतली नाही. साधीच लेन्स ते एका कडीनं कॅमेऱ्यावर उलटी बसवत, पुढचं तोंड आत आणि मागचं बाहेर. मग मुंगीसुद्धा उंदराएवढी दिसे! पण त्यासाठी किड्याच्या चार बोटांवर जावं लागे, फोकससाठी श्वास रोखून स्वतःलाच मागेपुढे डोलावं लागे. वाऱ्यानं पान हललं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून फांदी चिमटीत धरायला मी. "अबे, हात हाये का पिंपळाचं पान?" असं डाफरायचे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही आरमोरीकडे कोसा रेशीम काढणाऱ्या सोनाबाईंच्या रानात गेलो; तिथं ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या होत्या. तंबाखूचा हात लागला की अळी मरते, म्हणून झाडांजवळ जाण्याआधी हात धुवायचे, हा बाईंचा नेम. भाऊंनी धुतले. मी वाटेत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला होता, तरी हात नुसते पँटला पुसले. आळस, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी त्या फांद्यांवरच्या अळ्या हिरवं ओकून गळून पडल्या.

सोनाबाई रडतच भाऊंच्या दारात आल्या. "तंबाखूचा हात कोनं लावला?" मी तिथंच चहा पीत होतो, मान खाली घातली. भाऊ म्हणाले, "माहाच लागला, बाई. चूक झाली." जन्मात तंबाखूला न शिवलेला माणूस! मला वाटलं, माझ्यावर त्यांना शंका नसेल, उगाच वाद नको म्हणून बोलले असतील. बाईंनी त्यांना पुन्हा रानात पाय ठेवू दिला नाही. कोश फोडून बाहेर येणारा पतंग त्यांना एकदा टिपायचा होता. तेवढा एकच फोटो राहिला, आणि मी रोज त्यांच्याकडे चहा पीत गप्प बसलो.

तेरवीनंतर सुनेनं मला त्यांच्या खोलीत नेलं. टेबलाच्या काचेखाली त्याच सकाळचा फोटो होता. अळीच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. शेजारी माझा अंगठा, जुन्या जखमेची खूण असलेला, आणि नखाच्या कडेला तंबाखूची चुरी, लाकडाच्या ढलप्यांएवढी. त्या संध्याकाळीच त्यांनी फोटो मोठा करून पाहिला असणार. म्हणजे बाई दारात आल्या तेव्हा भाऊंना सगळं ठाऊक होतं... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा तो फोटो घेऊन सोनाबाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, तो हात माहा होता." मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो कितीतरी वेळ पाहिला, मग पदरानं पुसून परत दिला.

"मंग भाऊले मी काऊन येऊ नाई देलं?" त्या म्हणाल्या. "आता हे मी कोनाले सांगू?"