शनिवारचं ताट

वंदनाताई गेल्याचा फोन मंगळवारी सकाळी आला. त्यांचा भाऊ बोलत होता, मी नुसती हो हो करत होते. डोक्यात एकच... आता नीलेशचं काय?

नीलेश त्यांचा एकुलता एक, तिशीतला, ऑटिस्टिक. माझी पल्लवीही तशीच. मुलांमुळे ओळख झाली आणि भिलाईत मला सख्खी बहीण मिळाली.

ऑटिझमवरच्या संशोधनाला सरकारी निधी वाटणाऱ्या समितीवर पालकांच्या वतीनं ताईंना घेतलं, तेव्हा दिल्लीला जाताना त्यांनी डबाभर चिवडा नेला होता. परतल्या त्या मात्र तणतणत. पैसा जनुकांना, मेंदूच्या तपासण्यांना, लहानग्यांच्या निदानाला. मोठ्या झालेल्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच नाही. "मी इचारलं त्याइले," ताई म्हणाल्या, "साहेब, पोरगं मोठं झालं का त्याचा ऑटिझम रिटायर होते का? अन् माय मेल्यावर त्यानं कुठं रायचं, हे कोन शोधून राहिलं?" आधी सगळे हसले म्हणे... मग एकानं तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

ते संशोधन नको, असं ताई कधीच म्हणाल्या नाहीत. पंगतीत आपल्या मुलांचंही पान हवं, एवढाच त्यांचा हट्ट. दर बैठकीत तोच. शेवटी एका अभ्यासाला निधी मिळाला: आईवडील असतानाच मोठ्या मुलांना दुसऱ्या घरी राहायची सवय लावता येते का? आमची दोन्ही घरं त्यात होती. एका शनिवारी नीलेश आपलं स्टीलचं ताट घेऊन भिलाई-३ला आमच्याकडे मुक्कामाला, पुढच्या शनिवारी पल्लवी मरोद्याला त्यांच्याकडे. पहिल्यांदा तो ताट छातीशी धरून दारातच उभा राहिला, जेवलाच नाही. मी तर हातपाय गाळले. ताई म्हणाल्या, "होऊ दे नं वं. आपन आहो तवर चुकू दे त्याले."

त्या मंगळवारी ताईंना नेल्यावर नीलेशनं रॅकमधलं ताट काढलं आणि मुकाट्यानं माझ्यासोबत ऑटोत बसला. घरी पल्लवीनं सरकून जागा दिली. तो पोटभर जेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, दुःखानं आणि ताईंच्या उपकारानंही.

आता शनिवारी आम्ही तिघं मरोद्याला जातो. क्वार्टरला कुलूप असतं. व्हरांड्यात बसून जेवतो. मग नीलेश बाहेरच्या नळावर ताट धुतो, शर्टाला पुसतो आणि माझा हात धरून म्हणतो, "मावशी, घरी."