कोडीच्या वडिलांना फोन

अफगाणिस्तानात हेल्मंडमध्ये आमची ब्रिटिश कंपनी आणि अमेरिकनांचं हेलिकॉप्टर पथक एकाच कॅम्पमध्ये होतं. मी सार्जंट होतो. साउदॅम्प्टनमध्ये वाढलेला, मराठी डॉक्टरांचा मुलगा. जेवणाचा तंबू एकच असल्याने मला अमेरिका कळली ती नाश्त्याच्या टेबलावर.

आम्ही मान खाली घालून चहा प्यायचो. ते तारस्वरात राजकारण बोलायचे. त्यांचा मेडिक कोडी आणि पायलट यांची मतं दोन टोकांची. प्रेसिडेंट, बंदुका, टॅक्स, त्यांचं यादवी युद्ध नक्की कशासाठी झालं. विषय कुठलाही असो, जुंपायची. आता हे दोघं एका हेलिकॉप्टरमध्ये काही बसत नाहीत, असं मला वाटायचं. पण जखमींना उचलायचा कॉल आला की वाक्य अर्धवट टाकून दोघं पळत सुटायचे. परत आले की भांडण तिथूनच पुढे सुरू. मला त्यांची गंमत वाटायची आणि थोडा हेवाही.

एकदा कोडी मला चिडवायला म्हणाला, "सार्जंट, आम्ही तुम्हाला हाकललं आणि देश उभा केला."

"माझ्या आजोबांनीही," मी म्हणालो.

तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "तर तू या युनिफॉर्ममध्ये कसा?"

एका सकाळी पेट्रोलिंग करताना आमच्या गॅरेथचा पाय सुरुंगावर पडला. मी रेडिओ घेतला.

"एक कॅज्युअल्टी, क्रिटिकल. उतरायच्या जागेवर फायरिंग चालू आहे."

"कॉपी. येतोय." आवाज पायलटचा होता.

फायरिंग थांबेपर्यंत ते वर घिरट्या घालू शकले असते. कोणी नावं ठेवली नसती. ते सरळ उतरले. कोडीने गॅरेथचा पाय बांधला, आम्ही गॅरेथला आत चढवत असताना कोडीला गोळी लागली. गॅरेथ आज मिल्टन कीन्समध्ये राहतो, दोन मुलींचा बाप आहे. कोडी कॅम्पपर्यंत पोचला नाही.

दर वर्षी त्या तारखेला मी कोडीच्या वडिलांना, वॉल्टरना, फोन करतो. यंदा तारीख जवळ आली आणि अमेरिकेतला एक पुढारी टीव्हीवर म्हणाला की अफगाणिस्तानात दोस्त देशांचे सैनिक लढाईपासून लांबच उभे असायचे. वॉल्टर त्याचेच मतदार. त्यांनीच मला तसं सांगितलं होतं. माझं डोकं फिरलं. राग एका माणसावर काढायचा, देशावर नाही, हे मी इतरांना शिकवत आलोय. स्वतःला काही ते जमेना.

तारखेच्या दिवशी आई किचनमध्ये होती.

"फोन केलास का रे?"

"नाही करणार. न्यूजवर ऐकलंस ना काय म्हणाला तो? मत त्यांनीच दिलंय त्याला."

"मुलगाही त्यांनीच दिलाय," आई म्हणाली आणि तिने केटल ऑन केली.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"वाटलं, या वर्षी तू करणार नाहीस," वॉल्टर म्हणाले. "माझं मत बदललेलं नाही. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण एक विचारायचंय. कोडी पडला तेव्हा तुम्ही लोक कुठे होतात?"

कोडीला त्रास झाला नाही, एवढंच मी आजवर त्यांना सांगत आलो होतो. आमच्या आर्मीत तेवढंच सांगायची रीत आहे. आमच्या घरातही तीच.

"मी त्याच्या डोक्याशी होतो," मी म्हणालो. "त्याने माझी बाही धरली होती."

"बोलला काही?"

"त्याने विचारलं, तुमचा माणूस आत गेला का?"

पलीकडून रडणं ऐकू आलं. मलाही रडू फुटलं.

"मग?"

"मी म्हणालो, गेला."

"त्याला ऐकू गेलं?"

"हो," मी म्हणालो. "मग त्याने बाही सोडली."